'ण'चा 'प'

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, आणि देवापुढे तर मुळीच नाही, कारण त्याला ते माहीत असणार असं मी धरून चाललो होतो. माहीत असलेल्याला पुन्हा काय सांगायचं? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर हा कागदही मी फाडला असता. याआधीचे दोन फाडले आहेत.

सुरुवात कुठून करू? सिनेमापासून करतो. तिथून सोपं जातं — आणि सोपं जातं तिथूनच मी सुरुवात करतो, ही माझी खोड तुम्हाला पुढे दिसेलच.

बंगळूरच्या कँटोन्मेंटमधल्या एका थिएटरात रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागत. त्यातला एक मी पाच वेळा पाहिला. नाव सांगत नाही. काळापांढरा, सगळा पावसातला. त्यात एक डिटेक्टिव्ह. दगडासारखा माणूस, डोक्यावर हॅट, बायको सोडून गेलेली, गुन्हेगाराच्या तोंडावर धूर सोडत प्रश्न विचारणारा. कधीकाळी त्याने एका निरपराध माणसाला तुरुंगात घातलेलं असतं, एका बाईचं पत्र दडवून. सगळा सिनेमाभर तो दुसऱ्याच कुणाचा तरी खून शोधत फिरतो आणि शेवटी कोर्टात जाऊन उभा राहतो, हॅट काढतो, आणि ते पत्र खिशातून काढून न्यायाधीशापुढे ठेवतो. नोकरी जाते, अब्रू जाते. पण बाहेर पडताना त्याचा चेहरा पहिल्यांदाच माणसासारखा दिसतो. तिथे संगीत असं वर चढायचं की मला रडू यायचं. पाचही वेळा आलं.

मी का रडत होतो? हे सांगायचं तर मी कोण होतो ते सांगावं लागेल.

मी बेळगावचा. राज्यं नव्याने आखली गेली त्या सुमारास पोट भरायला बंगळूरला आलो आणि एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या सुरक्षा खात्यात लागलो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारखान्याची चूक नव्हती. माझं काम चोऱ्या शोधण्याचं. हजारो कामगार, आणि डब्यातून, सायकलच्या नळीतून, धोतराच्या निऱ्यांतून काय काय बाहेर जाई. मी ते पकडायचो आणि मला ते चांगलं जमायचं. माणूस दोन मिनिटं गप्प बसवून ठेवला की तिसऱ्या मिनिटाला तो बोलतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. खात्यातले लोक मला थट्टेने डिटेक्टिव्ह म्हणत. मी वरवर हसायचो, आणि आतून काय फुगायचो. कमर्शियल स्ट्रीटवरून मी एक हॅटसुद्धा आणली होती. बायको म्हणाली, ही घालून भाजी आणायला जाऊ नका. तिचं बरोबर होतं, पण मला राग आला होता.

नऊ वर्षांपूर्वी टूलरूममधून मायक्रोमीटर जाऊ लागले. मायक्रोमीटर म्हणजे केसाची जाडी मोजायचं उपकरण, मुठीत मावणारं, परदेशी, लाकडी डबीतलं. एका महिन्यात तीन गेले. टूलरूमच्या स्टोअरवर भीमोजीराव नावाचे गृहस्थ होते. अठरा वर्षं नोकरी, कपाळाला गंध, दोन शब्दांच्या जागी एक बोलणारे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात, राहायला गवीपुरात, घरात मराठी — पण ती तिथली मराठी, अर्धी कानडीत भिजलेली. त्यांचा थोरला मुलगाही आमच्याच कारखान्यात फिटर होता. माझ्या मनाने पहिल्याच दिवशी ठरवलं की चोर स्टोअरचाच. कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्यावर संशय घ्यायला डिटेक्टिव्ह कशाला हवा, हे तेव्हा सुचलं नाही. साहेबांना तसं सांगूनही टाकलं. साहेब निवृत्त लष्करी माणूस. त्यांना ना मराठी येई ना धड कानडी. म्हणून गवीपूरच्या घराची झडती घ्यायला मलाच पाठवलं. मराठी येणारा मी एकटाच होतो, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. हसू येतं आता. कडू हसू.

घरी भीमोजीरावांची मुलगी एकटी होती. पद्मा. वीस-एकवीस वर्षांची, शिक्षिका होण्याचा अभ्यास करत होती. पुस्तकांच्या फळीमागे लाकडी डबी सापडली. आत मायक्रोमीटर, आमच्या कारखान्याचा शिक्का असलेला. मी तिला समोर बसवलं आणि गप्प राहिलो. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला ती बोलली.

"अण्णानं आणून ठेवली," ती म्हणाली.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. बेळगावात आमच्या घरी अण्णा म्हणजे वडील. मला अण्णा हा शब्द ऐकला की माझा बाप दिसतो, पितळी तांब्यातून तोंड धुणारा. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे मला माहीत नव्हतं का? होतं. बसमध्ये, दुकानात दिवसाला पन्नास वेळा ऐकत होतो. माझ्या जागी एखादा कानडी कारकून असता तर त्याने डोळे मिटून 'भाऊ' लिहिलं असतं. पण ती मराठीत बोलत होती, आणि मराठीतला माझा अण्णा एकच. मी इंग्रजीत जबानी लिहिली, तीत लिहिलं की डबी माझ्या वडिलांनी आणली. तिला इंग्रजी बेताचं. शिवाय घाबरलेली. तिने खाली सही केली.

ही चूक म्हणता येईल. मीही बरीच वर्षं चूकच म्हणत होतो. पण खरं सांगू? लिहिताना माझा हात थोडा थांबला होता. ती 'अण्णानं' म्हणाली होती, 'अण्णांनी' नव्हे. बापाला एकेरी? एका अनुस्वाराची शंका होती. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं — अण्णा म्हणजे कोण गं? विचारलं नाही. बंगळूरच्या मराठीला कुठे आलाय मान-अपमानाचा नेम, असं मनाशी म्हणालो आणि पुढे लिहिलं. मला बापच हवा होता. साहेबांना तसं सांगून बसलो होतो ना.

दुसऱ्या दिवशी भीमोजीरावांना बोलावलं आणि ती जबानी मराठीत करून वाचून दाखवली. तुमची मुलगी सांगते, तुम्ही आणलीत. मी नेहमीप्रमाणे गप्प. त्यांनी सुटकेचा एकही प्रश्न विचारला नाही, एवढंच विचारलं की खाली सही तिचीच आहे का. मी सही दाखवली.

"ती म्हणते तर सरी," ते म्हणाले.

सरी म्हणजे ठीक. एवढाच कबुलीजबाब. दोन दिवसांत चोर पकडला म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मीही जरा उदार झालो. प्रकरण पोलिसांत देऊ नये, बडतर्फीवर भागवावं, अशी शिफारस केली. म्हातारा माणूस आहे, असं काहीतरी लिहिलं होतं. ते तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

आठ दिवसांनी जप्तीच्या यादीवर एक सही राहिली होती म्हणून मी पुन्हा गवीपुरात गेलो. दार पद्मानेच उघडलं. मला पाहून तिचा चेहरा उतरला. ती आत वळली आणि हाक मारली, अण्णा, साहेब आलेत. आतून थोरला मुलगा आला, फिटर, ओल्या हातांनी. मग तिने पाठीमागच्या खोलीकडे तोंड करून, हलक्या आवाजात, दुसरी हाक मारली. अप्पा.

अप्पा बाहेर आले नाहीत.

मी दारात उभा होतो. सगळं कळलं. एका क्षणात कळलं, आणि सांगतो, पहिल्यांदा काय वाटलं असेल? दया? शरम? मला वाटलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मी थोरल्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्यालाही माहीत होतं, त्याने मूग गिळले होते. मग मीही गिळले. यादीवर सही घेतली, त्यांच्या घरचं पाणी प्यायलो आणि निघालो.

बडतर्फीचा हुकूम निघायला अजून चार दिवस होते. चार दिवस मी साहेबांच्या खोलीवरून जाता-येता त्या दाराकडे बघत होतो. एक वाक्य होतं. साहेब, भाषांतरात माझी चूक झाली. काय झालं असतं? साहेब हसले असते, रागावले असते. डिटेक्टिव्ह म्हणणाऱ्यांनी पुढची दहा वर्षं मला अण्णा म्हणून छळलं असतं. एवढंच. त्या छळाला मी भ्यालो. एखाद्याने गळ्याला सुरी लावली असती आणि मी भ्यालो असतो तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

सहा महिन्यांनी त्या इंग्रजी सिनेमाला गेलो तर दारावर तिकिटं फाडायला भीमोजीराव. खाकी कोट, कपाळाला गंध. मला पाहून त्यांनी हात जोडले. म्हणाले, तुम्ही होतात म्हणून पोलिसांत गेलं नाही, घर वाचलं. मी मान डोलावली. डोलावली, हो. मग आत जाऊन त्या दगडी माणसाला पत्र काढून ठेवताना पाहिलं आणि रुमाल डोळ्यांना लावला.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. का जात होतो? सिनेमासाठी की त्यांच्यासाठी? तेव्हा मला वाटायचं की मी हिंमत गोळा करतोय, एक दिवस बाहेर पडताना त्यांना सांगेन. आज कळतं की तसं काही नव्हतं. पावणेदोन तासांत माझं सगळं आतल्याआत होऊन जात होतं — पाप, पश्चात्ताप, शिक्षा, सुटका. पडद्यावरचा माणूस माझ्या वतीने हॅट काढत होता. मी ताजातवाना होऊन घरी जेवायला जात होतो. उपास दुसऱ्याने करायचा आणि फराळ आपण, त्यातला प्रकार.

एकदा तर त्यांनी मला थांबवलं. सिनेमा संपला होता, लोक पांगले होते. पडद्याच्या कडेला उभं राहून त्यांनी तो शेवट कितीतरी वेळा पाहिला होता, पण इंग्रजी येत नव्हतं. भीत भीत म्हणाले, स्वल्प सांगा साहेब, तो पोलीस शेवटी कोर्टात काय बोलतो? सगळे इतके गप्प का होतात?

पुन्हा भाषांतरच. आणि पुन्हा माझ्यापुढे तोच माणूस. तो म्हणतो, भीमोजीराव, की हा माणूस निर्दोष आहे आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं. असं सांगायचं होतं. मी म्हणालो, काही नाही हो, खरा चोर सापडला म्हणतो. ते हसले. असं होय, म्हणाले, आणि खुर्च्यांखालचा कचरा बघायला आत गेले.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की झालं, हाच तो गुन्हा. नाही. इथपर्यंत मी भित्रा होतो. भित्री माणसं जगात पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात बसून एक आयुष्य काढलं असतं. पुढचं सांगायला मी तुम्हाला इतका वेळ फिरवतोय.

तीन वर्षांपूर्वी, एका संध्याकाळी, पद्मा माझ्या घरी आली. आता शिक्षिका झालेली, खांद्याला पिशवी, केसांत एकदोन पांढरे. बायकोने कॉफी दिली, ती तशीच ठेवली. भीमोजीराव अंथरुणाला खिळले होते, डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि ती सांगत गेली. त्या बडतर्फीपासून अप्पा तिच्याशी बोललेले नव्हते. सहा वर्षं. एका घरात. ती वाढायला आली की ताटावर हात आडवा धरत. रागावत नसत, ओरडत नसत, फक्त बोलत नसत. एकदाच, आईजवळ, म्हणाले होते की मी आळ अंगावर घेतलाच असता, पोराचं आयुष्य होतं. पण तिनं माझं नाव का घ्यावं?

तिने सुरुवातीला घरात सांगून पाहिलं होतं की मी अण्णा म्हणाले, अप्पा नाही. पण कागदावर वडील होते आणि खाली तिची सही. आई म्हणाली, घाबरून तोंडातून गेलं असेल. थोरला तर गप्पच, त्याचं त्यात भलंच होतं. लवकरच लग्न करून येलहंकाला वेगळा राहायला गेला. त्याला मी दोष देतो, पण त्याची कबुली त्याने द्यावी. आणि ही पोर वर्षानुवर्षं तो एक क्षण आठवत राहिली, इतकी की आठवण झिजून गेली. दोन शब्द, एका अक्षराचा फरक. आपण काय म्हणालो हे तिला आता खात्रीनं सांगता येईना. त्या खोलीत ती होती आणि मी होतो. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

"साहेब, तुम्हीच लिहून घेतलंत," ती म्हणाली. "मी अण्णा म्हटलं होतं, की अप्पा?"

घरी अप्पा जिवंत होते. शुद्धीवर होते. गवीपूर तिथून बसने वीस मिनिटं. मी अण्णा म्हटलं असतं तर ती धावत गेली असती, त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं असतं, आणि एका बापाला मरण्याआधी त्याची मुलगी परत मिळाली असती. माझं काय गेलं असतं? साहेब केव्हाच निवृत्त झाले होते. तो कागद कुठल्या तरी कपाटात वाळवी खात होती. कुणी मला काही करू शकलं नसतं. फक्त ती एकटी मला ओळखती झाली असती. माझ्याकडे बघून तिला कळलं असतं की हा तो माणूस. स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको उभी होती, तिलाही कळलं असतं.

आपल्याकडे 'ध'चा 'मा' करणं म्हणतात. मी 'ण'चा 'प' केला. या वेळी ऐकण्यात चूक नव्हती, घाई नव्हती, वर साहेब नव्हते.

"अप्पा," मी म्हणालो. "तू अप्पाच म्हणालीस. घाबरली होतीस, त्यात तुझा दोष नाही."

हे शेवटचं वाक्यही मी म्हणालो. सांत्वन केलं मी तिचं.

ती रडली नाही. हळूच म्हणाली की बरं झालं, निदान कळलं. कॉफी राहिली तशीच. मी तिला बसस्टॉपपर्यंत पोचवायला गेलो.

चौथ्या दिवशी भीमोजीराव गेले. तेराव्याला मी गेलो होतो. त्यांच्या बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं की पद्मा त्या रात्री घरी आली ती थेट त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पडली. माझ्या तोंडून गेलं अप्पा, मला क्षमा करा, म्हणाली. आणि त्यांनी हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिचं नाव घेतलं. सहा वर्षांनी. मग शेवटचे तीन दिवस ते तिच्याच हातून पाणी प्यायले. ही सगळी तुमची कृपा, असं त्या माउलीने मला सांगितलं. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून झालं.

तुम्ही म्हणाल, मग शेवट गोड झाला की. मीही तसं म्हणून पाहिलं. पोटात घालण्यासारखी ती एक सबब माझ्याजवळ आहे, आणि रोज सकाळी ती उलटून पडते. त्या माणसाने मरताना क्षमा केली, ती मोठ्या मनाने केली, आणि ती चुकीच्या माणसाला दिली गेली. पद्माने जे केलंच नव्हतं त्याची तिने क्षमा मागितली. जे माझं होतं ते तिने पदरात घेतलं आणि आयुष्यभर तेच खरं मानून चालणार आहे, की मी भित्री होते, मी बापावर आळ घेतला, आणि तरी बाप थोर म्हणून त्याने मला जवळ केलं. वर्गातल्या मुलींना ती खोटं न बोलण्यावर ही गोष्ट सांगते म्हणे. स्वतःचं नाव घेऊन सांगते.

हल्ली ती बनशंकरीकडे खोली घेऊन आईबरोबर राहते. संक्रांतीला एळ्ळु-बेल्ला घेऊन माझ्याकडे येते, तिळगूळच आपला, खोबऱ्याचे तुकडे घातलेला. दर वर्षी येते, वाकून नमस्कार करते. मी आशीर्वाद देतो. यंदाही दिला.